कुडाच्या घरातून

किनरवाडी, ता. शिराळा
डिसेंबर १९९३

प्रिय,

पुढं नाव लिहिलं नाही म्हणून हसू नका. बारावीपर्यंत शिकले तरी तुमचं नाव कागदावर उतरवायचं म्हटलं की पेन अडतं. नुसतं 'प्रिय' लिहिलंय, पुढचं तुम्ही समजून घ्या.

मामंजींची तार मिळाली असेल. मुलगी झाली, दोघी सुखरूप. ते खरंच आहे, काळजी करू नका. पोरगी तुमच्यावर गेलीय. कान तर अगदी तुमचेच, आणि भूक लागली की ओठ मुडपून असं बघते, जसं तुम्ही आमटीत मीठ कमी पडल्यावर बघता. तारेत मावलं नाही ते लिहायला बसलेय. अक्षर वाकडं आलं तर अशक्तपणा समजू नका. अंगात ताकद येतेय, पण भीती काही जात नाही. मघाशी रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, तर जमीन थरथरल्यासरशी मी पोरीला उचलून दारात पोचले होते. कधी उठले ते कळलंही नाही.

शिमग्याची सुट्टी संपवून तुम्ही गेलात, त्यानंतर इथं काय काय झालं ते पत्रातून थोडं थोडं कळवत होते. सगळं मात्र कळवलं नाही, तुम्ही तिकडं सरहद्दीवर बर्फात, उगाच जीवाला घोर नको म्हणून. श्रावण सरता सरता इथं हादरे सुरू झाले. आधी भांडी वाजायची, कौलं किणकिणायची, म्हातारी माणसं म्हणायची, हे आपल्याकडं चालायचंच. मग विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे किल्लारीचं झालं. पेपरात फोटो आले, नुसते दगडांचे ढीग. शाळेच्या गुरुजींनी देवळापुढं सगळ्यांना जमवून सांगितलं की तिथली घरं आपल्यासारखीच दगड-मातीची होती, माणसं त्या भिंतींनीच मारली. त्या दिवसापासून सगळं गाव उघड्यावर आलं. आपल्या खळ्यात मामंजींनी ताडपत्रीचा मांडव घातला. पण दिवसा घरातच जायचे. भिंतीवर थाप मारून भावजींना म्हणायचे, "ही भित मी सोता रचलीया. दोन हात रुंद हाय. किल्लारीचं काय सांगतोस मला?" मी मात्र त्या भिंतीपासून अंग राखूनच चालायचे.

कार्तिकात आमचे दादा मला बाळंतपणाला न्यायला विट्याहून आले होते. पण तेव्हाच माझ्या अंगावरून थोडं गेलं होतं, आणि डॉक्टरांनी एसटीचे धक्के खायचे नाहीत म्हणून बजावलं. दादा रिकामे परत गेले. मग थंडी वाढली, मांडवात मला खोकला सुटला, आणि आत्याबाईंनी मला पुन्हा घरात घेतलं. मधल्या खोलीत बाजेवर पडून मी वरच्या तुळईकडं बघत राहायचे. ती पडली तर माझ्यावर पडेल की पोटातल्यावर, एवढाच विचार. कुणाला बोलायची सोय नव्हती. भ्यालेली सून म्हणजे अपशकुन, असं सगळ्यांच्या तोंडावर दिसायचं.

त्या दिवशी सकाळी आत्याबाई गोठ्यात होत्या. मामंजी आणि भाऊसो भावजी रानात पाणी पाजायला गेले होते. मी चुलीपुढं बसून अंघोळीचं पाणी तापवत होते. आधी आवाज आला. वरून नाही, खालून. भरलेला ट्रक चुलीखालनं जावा तसा. मग घागरी गडगडल्या, कोनाड्यातली चिमणी माझ्या पायाशी येऊन फुटली, आणि मधल्या खोलीची भिंत, मामंजींची दोन हात रुंद भिंत, एखाद्यानं गुडघे टेकावेत तशी खाली बसली. माझी बाज तिच्याखाली गेली. धुरळ्यानं काही दिसेना. मधलं दार बंद झालं. मी उठायला गेले, पाय घसरला, पाट्याच्या कडेवर कंबर आपटली आणि पोटातून अशी कळ आली की तोंडातून शब्दच फुटेना.

आपल्या मागल्या दाराला भामाबाई यायची, तुम्हाला आठवत असेल. ओढ्यापलीकडच्या वस्तीतली, हरिबा कांबळ्यांची बायको. सकाळी गवताचा भारा टाकायचा आणि जाताना ताक न्यायचं. आत्याबाई वरून ओतायच्या, ती खाली तांब्या धरायची. घरात आल्यापासून मी हेच बघितलं होतं आणि मला त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं. त्या सकाळीही ती भारा टाकून दाराशी उभी होती. मागल्या बाजूची कौलं धडाधड खाली येत होती, पळून जायला तिला सगळं रान मोकळं होतं. ती पळाली नाही. दारात उभी राहून, दोन्ही हात चौकटीला धरून ती ओरडत होती, "वैनी, आवं वैनी, आत यिऊ का? आत यिऊ का वो?"

अहो, घर पडत होतं आणि ती आत यायला विचारत होती. आमच्या चुलीपुढं, देव्हाऱ्याच्या खोलीत तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं. मला 'ये' म्हणायचं होतं, पण आवाज निघेना. मी नुसता हात पुढं केला. तो तिला धुरळ्यात दिसला की नाही कोण जाणे. ती आली. माझ्या काखेत हात घालून तिनं मला फरफटत उंबऱ्याबाहेर काढलं. आम्ही गवताच्या भाऱ्यावर पडलो तेव्हा मागची भिंतही गेली. मला आजही डोळे मिटले की भिंतीचा आवाज येत नाही. तिचं ते विचारणं ऐकू येतं.

कळा तिथंच सुरू झाल्या. रानातून धावत आलेले भावजी सायकल घेऊन कोकरूडच्या दवाखान्यातल्या सिस्टरना आणायला गेले, पण वळणावर दरड आली होती. खळ्यात बघावं तर गुरं बिथरून मांडवातून गेलेली, ताडपत्री फाटलेली. सगळं गाव मोकळ्या जागेत जमलं होतं. बाया रडत होत्या, बापे देवाचं नाव घेत होते आणि जमीन थांबून थांबून पुन्हा हलत होती. त्या गर्दीत, उघड्यावर, मी बाळंत व्हायचं कसं? शाळेत न्यावं तर शाळेची भिंत तडकलेली. कुणाच्या घरात न्यावं तर सगळ्यांची घरं दगडाची. कुणी आपल्या घरात जायला धजत नव्हतं, मला कोण नेणार? तेव्हा भामाबाई हलक्या आवाजात म्हणाली, "आमचं कुडाचं हाय. वर पत्रा. पडलं तरी मारायचं न्हाई."

आत्याबाईंनी मामंजींकडं बघितलं. मामंजींचा चेहरा पांढराफटक पडला होता, कपाळाला माती लागली होती. ते म्हणाले, "माझी सून तिकडं? गावाला काय सांगू मी?" त्यांना दोष द्यायला हे लिहीत नाही. उभ्या आयुष्याची कमाई त्यांच्या डोळ्यांपुढं खाली बसली होती, आणि ते लहान मुलासारखे कापत होते. पण गावाला काय सांगायचं याची वाट बघायला मला वेळ नव्हता. मी उठले. भामाबाईच्या खांद्यावर हात टाकला आणि चालायला लागले. मागं वळून बघितलं नाही, बघितलं असतं तर पाय अडखळले असते. ओढ्यात उतरल्यावर पाठीमागून पावलं ऐकू आली. आत्याबाई होत्या. एका हातात जुन्या लुगड्याचं गाठोडं आणि दुसऱ्या हातात आपल्या घरची पाण्याची कळशी.

भामाबाईचं घर तुम्ही आतून पाहिलं नसेल. कारवीच्या काड्यांचा कूड, त्यावर शेणामातीचा गिलावा, चार लाकडी मेढी, वर पत्रा. समोरच्या कुडावर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली भामाबाईच्या लेकाचा, अर्जुनाचा, फौजी वेषातला. हादरा आला की सगळा कूड सळसळायचा, फोटो खिळ्यावर हलायचे, पण कुठं दगड नाही, तुळई नाही. मी खाली गोधडीवर पडले होते आणि कळांच्या मधल्या वेळात बाहेरचं बोलणं ऐकत होते. हरिबा बायकोला कळवळून सांगत होते, "भामे, तुला कळतंय का? पैलं बाळतपण हाय, दिवस पुरं भरल्यालं न्हाईत. तिचं न्हाईतर ल्येकराचं काय वंगाळ झालं, तर गाव म्हणंल ह्यांच्या घरात नेलं म्हणून झालं. ही वस्ती ऱ्हाईल का?" मला वाटत होतं की भीती फक्त मलाच आहे. माझ्या पोटात जे होतं त्याच्यावर अख्ख्या वस्तीचा जीव टांगलाय, हे मला तेव्हा कळलं. भामाबाई म्हणाली, "मला बी भ्या वाटतंया. पर पोरगी भ्यालीया माझ्यापरास जास्ती. तिला आता कुठं ढकलू, सांगा." आणि ती आत आली. तिचे हात थंडगार होते. तसल्याच हातांनी तिनं माझे हात धरले.

सिस्टर दुपारी आल्या. दरडीपलीकडं जीप सोडून भावजींच्या बरोबर चालत आल्या होत्या. तोपर्यंत आम्ही तिघीच होतो आणि तिघींपैकी एकीलाही धड काही येत नव्हतं. आत्याबाईंच्या कळशीतलं पाणी कधीच संपलं होतं. त्यांनी सकाळपासून काही घेतलं नव्हतं, ओठ सुकले होते. मी बघत होते. त्या दोनदा कळशीपाशी गेल्या, वाकवून बघितली आणि परत येऊन बसल्या. मग एकदा मोठा हादरा आला, मी किंचाळले, आणि आत्याबाईंनी भामाबाईचा दंड घट्ट धरला. हादरा थांबल्यावरही सोडला नाही. म्हणाल्या, "भामाबाई, घोटभर पाणी दे गं." त्या तिला नेहमी भामे म्हणायच्या. भामाबाईनं रांजणातून तांब्या भरून दिला. आत्याबाई प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं आणि मग रडल्या. कशासाठी ते मी विचारलं नाही. सिस्टर आल्यावर थोड्याच वेळात पोरगी झाली. रडेना. सिस्टरनी पाठीवर चापट्या मारल्या, उलटी धरली, आणि तेवढा वेळ त्या घरात कुणी हललं नाही. बाहेर हरिबा तर जमिनीवर बसून डोकं गुडघ्यात घालून होते म्हणे. मग ती रडली. एवढीशी पोर, पण ओढ्यापलीकडं गावात ऐकू गेलं, असं भावजी सांगतात.

तेव्हापासून मी इथंच आहे. आत्याबाईही इथंच. पहिल्या दिवशी त्यांनी अंगणात तीन दगड मांडून वेगळी चूल केली. तिसऱ्या दिवशी ती विझली ती परत पेटली नाही, आता एकाच चुलीवर दोघी भाकरी थापतात आणि मिठावरून कुरबुरतात. पण सगळं गोडच आहे असं समजू नका. पाचवीच्या दिवशी आत्याबाई सकाळपासून बेचैन. सटवाई पुजली नाही तर पोरीचं कसं होणार, आणि या घरात विचारायचं कसं? शेवटी विचारलंच. भामाबाई हातातलं काम टाकून बसली. म्हणाली, "मी हात जोडायची न्हाई, आत्ती. आमच्या मामंजीनी छप्पन सालात बाबासायबांच्या मागं जाऊन घरचं द्याव नदीत सोडलं, तवापासनं ह्या घरात पूजा न्हाई. ते मी मोडायची न्हाई. पर नात तुमची हाय, जीव तुमचा भितोय. त्यो कोपरा सारवून देते. तुमचं तुमी करा." आणि खरंच तिनं कोपरा सारवून दिला, आत्याबाईंनी पाटा मांडला, हळदकुंकू वाहिलं, आणि ती बाहेर जाऊन बसली. संध्याकाळी हरिबा आणि ती फोटोपुढं मेणबत्ती लावून वंदना म्हणायला बसले, तेव्हा आत्याबाई उठून बाहेर जातील असं मला वाटलं. त्या गेल्या नाहीत. शब्द येत नव्हते, तरी डोक्यावर पदर घेऊन संपेपर्यंत गप्प बसल्या. नंतर मला हळूच म्हणाल्या, "जमीन हलती तवा सगळंच घाबरत्यात बग."

मामंजी रोज ओढ्यापर्यंत येतात. काठावरच्या करंजाखाली उभे राहतात, किटलीत दूध असतं. भावजी ती किटली इकडं आणतात. मामंजी तिथूनच विचारतात, "पोरगी पिती का? रातचं रडती का?" मी पोरीला दारात घेऊन उभी राहते, ते लांबूनच बघतात. मान वाकडी करून, डोळ्यांवर हात धरून. ओढ्यात आता गुडघाभरही पाणी नाही. एकदा त्यांनी चप्पल काढून हातात घेतली होती. मला वाटलं, आले. मग वरच्या रस्त्यानं कुणीतरी हाक मारली आणि ते चप्पल घालून वळले.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते सांगते. मामंजींनी घराची एक बाजू पत्रे ठोकून राहण्यासारखी केलीय. उद्या ते बैलगाडी पाठवणार आहेत. मी जाणार आहे, घर आपलं आहे, मला त्यांच्याशी भांडायचं नाही. पण सगळ्या गावाला खरं माहीत असूनही त्यांनी गावात, पाहुण्यांत, आमच्या दादांनाही असं सांगितलंय की पोरगी कोकरूडच्या दवाखान्यात झाली. भामाबाईला एक लुगडं पाठवायचं आणि विषय मिटवायचा, असं त्यांचं ठरलंय. बारशाला वस्तीतलं कुणी नको. मी भामाबाईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "जाऊ द्या वैनी. आमाला हितंच ऱ्हायाचंय." ते ऐकून मला त्या सकाळपेक्षा जास्त भीती वाटली. काल ओढ्याच्या या काठावर मी आत्याबाईंच्या आडून, पदराआडून, पहिल्यांदाच मामंजींना उलट बोलले. एवढंच म्हणाले की बारसं तुम्ही सुट्टीवर आल्याशिवाय होणार नाही. ते तसेच वळून गेले. तुमचं पत्र आलं की मामंजी ते पारावर घेऊन जातात आणि सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवतात, अक्षर न अक्षर, एकही ओळ गाळत नाहीत. लेकाचं पत्र गाळून वाचणं त्यांना जमणारच नाही. म्हणून या वेळी मला उत्तर पाठवू नका, त्यांना पाठवा. खुशाली लिहा, शेतीचं विचारा, घराला किती पत्रे लागले ते विचारा, आणि मध्ये कुठंतरी एवढंच लिहा की माझी मुलगी हरिबा कांबळे यांच्या घरात जन्मली, आणि तिला पाळण्यात घालायला भामाबाईंनी यावं असं मला वाटतं. तुम्हीच मागं लिहिलं होतं की तिथं वर बर्फात ताट कुणाचं हे कुणी विचारत नाही. ते तिथून इथपर्यंत पोचतं का, मला माहीत नाही. जमीन कधी हलायची थांबेल तेही माहीत नाही. रोज पोस्टमनची सायकल दिसली की माझं काळीज हलणार आहे. मामंजी पारावर तुमचं पत्र वाचतील, शेवटच्या ओळीपर्यंत वाचतील, आणि त्यात ते वाक्य नसेल, याची मला आता सगळ्यांत जास्त भीती वाटते.

तुमचीच,
राणी